जावेच्या होमस्टेवर तीन दिवस

आधीच कबूल करते, म्हणजे पुढे लपवत बसायला नको. ही सहल मी मत्सरापोटी केली. ज्यांना वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूरकडे जायचं आहे त्यांच्या उपयोगाचं यात बरंच आहे. एसटी कुठून मिळते, कुठे जेवायचं, कुठे राहायचं, सगळं सांगते. पण नांदेडहून निघताना माझ्या डोक्यात तुम्ही नव्हता. माझी धाकटी जाऊ शोभा होती.

अकरा वर्षं झाली मी हा ब्लॉग लिहिते. शाळेतली नोकरी सांभाळून, सुट्ट्यांमध्ये फिरून, स्वतःच्या पैशाने. सहस्रकुंडावर मी लिहिलं तेव्हा इस्लापूर स्टेशनला उतरून धबधब्यापर्यंत जायला एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर बसावं लागलं होतं. त्या लेखाला आजवर जेवढे वाचक मिळाले तेवढी मुलं आमच्या शाळेच्या एका वर्गात मावतात. मागच्या पावसाळ्यात कुणा एका मुलीने तिथेच गॉगल लावून अर्ध्या मिनिटाचं रील केलं, ‘कुणालाच माहीत नसलेली जागा’ म्हणून, आणि पुढच्या रविवारी तिथे गाड्या लावायला जागा उरली नाही. कुणालाच माहीत नसलेली म्हणे. मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.

पण ती मुलगी परकी. परक्याचं चांगलं झालेलं माणूस कसंतरी गिळतं. शोभा घरची.

आमचं गाव खडकउमरी, औसा तालुक्यातलं. भूकंपात ते सगळंच्या सगळं पडलं. मग तीन किलोमीटरवर माळावर नवं गाव वसवलं, सरळ रस्ते आणि एकसारखी सिमेंटची घरं. माझं लग्न त्यानंतर चार वर्षांनी झालं. नवं घर असूनही पक्क्या छताखाली झोपायची कुणाची छाती होत नव्हती, म्हणून घरोघर बाजूला एक पत्र्याचं शेड असायचं. मी नवी नवरी म्हणून त्या शेडमध्ये आले. उन्हाळ्यात आत पापड भाजून निघाले असते. वर्षभरात यजमानांना नांदेडला नोकरी लागली तेव्हा मी नारळ फोडला. मागे राहिलं ते शेड, शेती आणि सासूबाई. नंतर दिराचं लग्न झालं आणि हे सगळं शोभाच्या वाट्याला गेलं. मला तेव्हा तिची कीव यायची.

आज त्या शेडचं भाडं रात्रीला दीड हजार आहे, नाश्त्यासह. वरून कडबा अंथरलाय, आतून चटया लावल्यात, आणि ॲपवर त्याला ‘पत्र्याची झोपडी’ असं नाव दिलंय. येतात कोण, तर लातूरला क्लास लावलेल्या मुलांचे आईबाप. आख्ख्या महाराष्ट्रातून मुलं डॉक्टर व्हायला लातूरला येऊन राहतात. सुट्टीच्या दिवशी आईबाप भेटायला येतात, आणि भेट झाल्यावर लेकराला घेऊन जायचं कुठे, हे त्यांना कळत नाही. शोभाला ते कळलं. तिच्या मुलीने तिला बुकिंगच्या ॲपवर चढवलं, चुलीचं आणि भाकरीचं रील काढून दिलं. मी तिला तेव्हा मोठेपणाने सांगितलं होतं, ‘शोभा, पिकतं तिथं विकत नसतं. खेड्यात पैसे देऊन कोण राहणार?’ ती म्हणाली, ‘बघू की ताई.’ तिने बघितलं.

एका रविवारी दुपारी मी तिचे सगळे रिव्ह्यू वाचून काढले. पाच तारे, पाच तारे, पुन्हा पाच तारे. भाकरीबद्दल थोडं, शेडबद्दल थोडं, आणि प्रत्येकात एक ओळ ‘आजीं’बद्दल. आजी म्हणजे आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी जावा आत्या म्हणतो. एका बाईने लिहिलं होतं, ‘आजींनी सुमनच्या सायकलची गोष्ट सांगितली. माझी मुलगी कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने रडली.’ सुमन माझी नणंद. ती भूकंपात गेली, एवढंच मला माहीत. तिची सायकल मला माहीत नव्हती. यजमानांना विचारलं, ‘सुमनताईंची सायकल कोणती?’ ते म्हणाले, ‘माझीच. शिकत होती,’ आणि उठून गेटपाशी जाऊन उभे राहिले.

मी लिहिणारी बाई. आत्यांना मी किती वेळा विचारलं असेल, त्या दिवसाचं सांगा ना म्हणून. दर वेळी एकच उत्तर, ‘काय सांगू, बाई.’ आणि ही कोण कुठली बाई अर्ध्या दिवसाच्या ओळखीवर माझ्या घरातली गोष्ट ऐकून जाते, वर पाच तारे देते. माझं पित्त खवळलं. मी खाली खाली वाचत गेले आणि शेवटी एक तीन ताऱ्यांचा रिव्ह्यू सापडला. ‘जागा छान, पण लोकेशन चुकीचे आहे. नकाशाने आम्हाला जुन्या पडलेल्या गावात नेले.’ मी नकाशा उघडून बघितला. खरंच, शोभाच्या होमस्टेची लाल पिन जुन्या गावावर होती, चांगली तीन किलोमीटर बाजूला.

नकाशाच्या ॲपवर माझी पत जुनी आहे. नांदेडातली बंद पडलेली खानावळ असो की चुकीच्या गल्लीत दाखवलेला दवाखाना, दहा वर्षं मी दुरुस्त्या सुचवत आलेय आणि माझ्या सुचवलेल्या मान्य होतात. मी शोभाची पिन उचलून नव्या गावात, तिच्या बरोबर दारात ठेवली आणि ‘पाठवा’ दाबलं. बरोबर जागा दाखवण्यात वाईट काय? चारचौघांत सांगायचं वाक्यही तयार करून ठेवलं, ‘शोभा, तुझी पिन चुकली होती गं, मी नीट केली.’

मग म्हटलं, जाऊनच येऊ. ॲपवरून रीतसर बुकिंग केलं, कारण राहिल्याशिवाय रिव्ह्यू लिहिता येत नाही. पाच मिनिटांत बुकिंग रद्द झालं आणि शोभाचा फोन आला. ‘ताई, घरची माणसं बुकिंग करतात का कधी? येळवशीला या की सरळ.’ म्हणजे जेवण फुकट, राहणं फुकट, आणि रिव्ह्यूचा हक्क गेला.

पहिला दिवस: नांदेड ते लातूर, वाट वाकडी करून

लातूरला सरळ जायचं तर लोहा-अहमदपूर रस्ता. मी मुद्दाम कंधार, जांब, जळकोटवरून उदगीर गाठलं. सकाळी सातला नांदेडहून एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट असल्याने उदगीरपर्यंत शंभराची नोट मोडली की काम भागतं. कंडक्टर आता मशीनवरचा क्यूआर पुढे करतो, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं संपली, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी आठवण येते. रस्ता कंधारपर्यंत बरा, पुढे काही ठिकाणी पाठीची परीक्षा बघतो. दोन्हीकडे ज्वारी छातीएवढी, मध्ये हरभऱ्याचे पट्टे. जळकोटला गाडी थांबली तेव्हा टपरीवर चहा घेतला. पैसे दिले की टपरीवरच्या डबीतून बाईचा आवाज येतो, ‘दहा रुपये प्राप्त झाले.’ टपरीवाला त्या आवाजाला ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणतो. सवयीने म्हणतो, त्याला कळतसुद्धा नाही.

उदगीरला किल्ल्यासाठी दोन तास ठेवा. खंदक अजून खोल आहे, आत उदागीर महाराजांची समाधी आहे, आणि गावातली लोकं मराठीत सुरू करून कानडीत वाक्य संपवतात ते ऐकायला मजा येते. त्या दिवशी बुरुजावर कॉलेजची पोरं तेच ते पाऊल पाच-पाच वेळा टाकत रील काढत होती. दाराशी शेंगा विकणारे म्हातारे मला म्हणाले, ‘पहिले लोक किल्ला बघायला यायचे बाई. आता सोताला बघून राहिले.’ हे वाक्य माझ्या मनासारखं होतं. मी त्यांच्याकडून पाव किलो शेंगा जास्त घेतल्या.

दुपारी चारला लातूर. ट्यूशन एरियात एक साधा लॉज घेतला, नऊशे रुपये, पाणी गरम. इकडे राहणार असाल तर आधी विचारून घ्या, निकालाच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत खोली मिळत नाही. रस्त्याने भिंतीएवढे फलक, त्यावर मागच्या वर्षी नंबरात आलेल्या मुलांचे चेहरे. खाली तशाच चेहऱ्याची शेकडो मुलं पाठीला बॅग लावून, मान खाली घालून चाललेली. या गावात मुलांनी मोठ्याने हसलेलं मी फार ऐकलं नाही.

रात्रीच्या जेवणाला जवळच्याच मेसमध्ये गेले. शंभर रुपयांत पोटभर, वरण चांगलं. समोर देगलूरचे एक गृहस्थ बसले होते. मोंढ्यात अडत दुकान, मुलगी इथे अकरावीला. ती शेजारी बसून पोळीचे तुकडे करत होती, खात नव्हती.

‘उद्या टेस्ट हाय तिची. परवा येळवशीची सुट्टी,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशी हिला घेऊन एका गावाला जाणार हाय. आमच्या पाहुण्यांनी सांगितलं, तिथं एक आजी हायेत, त्यांच्यापाशी लेकरं बोलतात म्हणे.’ त्यांनी फोन पुढे केला. स्क्रीनवर माझंच पत्र्याचं शेड होतं. ‘आमची पोरगी दोन महिने झाले फोनवर ‘हाव’ आन् ‘बरं’ यापुढं जायना गेली. तिची आई लई घाबरून राहिली.’

मी म्हणाले नाही की त्या माझ्या सासूबाई. का म्हणाले नाही ते मला माहीत आहे. त्यांनी पुढे विचारलं असतं, ‘कोणती गोष्ट सांगतात हो त्या?’ आणि मला सांगता आली नसती.

दुसरा दिवस: खडकउमरी

लातूर-औसा-लामजना एसटी दर अर्ध्या तासाला आहे. लामजन्याच्या पाटीवर उतरून ऑटो करायची. ऑटोवाल्याला गावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, ‘आजीवालं का?’ पंचवीस वर्षांत या गावाला कुणी कशावालं म्हटलं नव्हतं.

शोभा दारातच होती. साडीवर ॲप्रन, कानाला फोन. मला बघून फोन ठेवला, पाया पडली, आधी पाणी, मग चहा. राग धरावा असं तिचं वागणं कधीच नसतं, ही तिची आणखी एक वाईट सवय. शेड बघितलं. मी ज्या कोपऱ्यात ट्रंकेवर बसून रडायचे तिथे आता आरसा आहे आणि पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात. खाली गादी मऊ आहे, पत्रा कडब्याखाली असल्याने गारवा राहतो, संडास वेगळा आणि स्वच्छ. मी दोष शोधत होते, चादरीला एक डाग सापडला, तोही चहाचा आणि धुतलेला.

‘आत्या कुठं दिसत नाहीत?’ मी विचारलं.

‘ड्यूटीवर हायेत,’ शोभा हसून म्हणाली. ‘जुन्या गावात. नवाला जातात, बाराला येतात. जा की तुम्ही, हे सोडतील गाडीवर.’

दिराने मला वेशीपाशी सोडलं. जुनं गाव म्हणजे आता वेड्या बाभळींचं रान, आणि त्यात जागोजाग पडलेल्या घरांची काळ्या दगडांची जोती. एक मोठा लिंब वाचलाय. त्याच्या पुढचं चौथं जोतं आमचं. एक गाडी उभी होती, आणि जोत्यावर आत्या बसल्या होत्या, समोर एक नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा. आत्यांचे हात हलत होते. त्यांना असं हात हलवून बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. ‘...मग तिचा बाप म्हणला, पोरीच्या जातीला कशाला पाहिजे, तर ही म्हणली...’ एवढं माझ्या कानावर आलं आणि त्यांनी मला बघितलं. थांबल्या. ‘आलीस का बाई,’ म्हणाल्या. मग त्या पाहुण्यांकडे वळून, ‘चला, घर दावते. वाट चुकलाव तुम्ही.’ आणि त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून निघून गेल्या. गाडीत जागा नव्हती. मी तीन किलोमीटर चालत आले, आणि सबंध वाट मला एवढंच सुचत होतं, की सुमनताई तेव्हा काय म्हणाल्या.

दुपारी भांडी विसळताना मी शोभापुढे माझं वाक्य काढलं. ‘तुझी पिन चुकली आहे गं. लोक जुन्या गावात जातात.’

‘चुकली न्हाई ताई,’ ती म्हणाली. ‘नोंदणीच्या टायमाला मोबाइलवर आलं, घराजवळ उभं राहून बटण दाबा. मी तवा आत्यांचा डबा घेऊन तिथंच गेलते. वाचून दाखवलं तर म्हणल्या, मग हितंच दाब, घर तर हेच हाय. त्यांचं मन कुठं मोडायचं? दाबलं. म्हणलं नंतर बदलू. पर पहिलाच पाहुणा वाट चुकून तिथं गेला आन् आत्या त्याच्या गाडीत बसून, बोलत बोलत घरी आल्या. तुम्हाला ठावं हाय, एरवी आत्या कुठं बोलायच्या. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. मग म्हणलं राहू दे चुकीची.’

मी हात पुसून फोन बघितला. सकाळीच संदेश आला होता. तुमची सुधारणा प्रकाशित झाली आहे, धन्यवाद. खाली बरोबरची हिरवी खूण. आतापर्यंत किती लोकांना तुमच्या योगदानाचा उपयोग झाला, तेही लिहिलेलं होतं.

शोभाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ‘चादरी कुठून घेतल्यास?’

तिसरा दिवस: वेळ अमावस्या

बाहेरच्यांसाठी सांगते. वेळ अमावस्या, आमची येळवस, हा लातूर भागातला शेताचा सण. त्या दिवशी लातूर शहरात कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडतात, आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. पालेभाज्या, ओले दाणे, तूर, हरभरा, वाटाणा असं सगळं बेसनात शिजवलेलं, आणि ते हॉटेलात कुठेच नीट मिळत नाही. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालायचं, हा नियम. त्यामुळे त्या दिवशी शोभा कुणाकडून जेवणाचे पैसे घेत नाही, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त लोक त्याच दिवशी येतात. मनात आलं, हिला हे सुचलं असेल की नसेल? सुचलेलं नव्हतं. मी विचारलं तर ती म्हणाली, ‘येळवशीला पैसे कोण घेतं ताई?’

नऊला आत्या आंबिलीची कासांडी घेऊन जुन्या गावात निघाल्या. मी बरोबर गेले. जोत्यावर बसलो. ऊन चांगलं होतं. लांब, नव्या गावाच्या डांबरी रस्त्यावरून एक पांढरी गाडी गेली, मग एक लाल, मग दोन पाठोपाठ. सगळ्या थेट नव्या गावाकडे वळत होत्या. आत्या प्रत्येक गाडीकडे हात डोळ्यांवर धरून बघायच्या.

‘आज कुणी वाट चुकंना गेलं,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी. ‘आत्या, मी आहे ना. मला सांगा. सुमनताईंचं.’

त्यांनी जोत्यावरची माती बोटाने सारखी केली. ‘तू घरची, बाई. घरच्याला सांगितलं की घरचा रडतो. मग मला त्याला गप करावं लागतं. परका ऐकतो आन् आपल्या गावाला घेऊन जातो. माझं तेवढं कमी होतं.’

‘मी नाही रडणार.’

‘रडशील,’ त्या म्हणाल्या. ‘आन् मग लिहिशील.’

 मला राग आला, आणि त्या म्हणाल्या ते खरं होतं म्हणून जास्त आला. त्यांना तिथेच बसवून मी एकटी शेतावर परत आले.

शेतात जत्रा भरली होती. कोपीभोवती पंगती, बांधावर गाड्या. देगलूरचे ते गृहस्थ मला बघून चकित झाले. मी कोण ते शोभानेच सांगितलं. ‘अरे, मग सांगायचं की काल परवा,’ ते म्हणाले. मुलगी कोपीच्या सावलीत उभी होती. ती माझ्याजवळ आली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

‘आजी कुठे असतात?’

जुन्या गावात, असं म्हणायला हवं होतं. चल, मी नेते, असं म्हणायला हवं होतं. गाडीने दहा मिनिटांचं अंतर. पण माझ्या कानात अजून ‘लिहिशील’ हा शब्द होता, आणि ही सोळा वर्षांची मुलगी तिथे जाऊन बसली असती की आत्यांचे हात हलायला लागले असते. मी म्हणाले, ‘त्या आज दमल्यात गं. येतील जेवायला.’

ती ‘बरं’ म्हणाली. आंबील प्यायली, उंडा अर्धा टाकला. वडिलांना परत देगलूर गाठायचं होतं, साडेबाराला ते निघाले. त्यांनी शोभाच्या भज्जीचे फोटो काढले, तिच्या हातावर मुलीसाठी घेतलेला केळ्यांचा घड ठेवला. मी गाडीपर्यंत गेले. मुलगी काचेतून शेताकडे बघत होती.

आत्या एकला चालत आल्या. कासांडी तशीच भरलेली. ‘कुणीच आलं न्हाई का?’ त्यांनी विचारलं.

‘लई जण आले की आत्या,’ शोभा म्हणाली. ‘थेट आले सगळे.’

आत्यांनी आंबील कोपीच्या कडेला ओतली आणि हात धुवायला गेल्या. मी दुपारच्या ऑटोने लामजना गाठलं. सरळ रस्त्याने अहमदपूरवरून अंधार पडायच्या आत नांदेडला पोहोचले. एसटीत मी पिन परत जुन्या गावावर ठेवून सुधारणा पाठवली. लोह्याच्या पुढे उत्तर आलं, ही माहिती सध्याच्या बरोबर माहितीशी जुळत नाही.

घरी

याला आता महिना होऊन गेला. शोभाला मी शेवटी फोन करून सांगितलं. तिला ठाऊक होतं.

‘ज्या दिवशी आलाव त्याच दिवशी मोबाइलवर आलतं ताई, कुणीतरी जागा बदलली म्हणून. नाव दिसत न्हाई. पर दुसरं कोण करील?’

‘मग परत बदलायची ना.’

‘तीनदा बदलली. ते म्हणतं नवी जागाच बरोबर हाय.’

‘मग पाहुण्यांना तूच पाठव आत्यांकडे.’

‘पाठवलं की. बोलल्या न्हाईत. म्हणल्या, माणसं धाडू नको माझ्याकडं, मी काय देखावा हाय का? वाट चुकून आलेल्याला बसवते मी. बघायला आलेल्याला न्हाई.’ मग म्हणाली, ‘रागावले न्हाई मी. तुम्ही बरोबरच जागा दाखवली.’ तिने मला थोडं तरी बोलायला हवं होतं. तिचं हे चांगुलपण मला आजही सहन होत नाही. ‘थांबा, आत्यांना देते.’

आत्या फोनवर आल्या. ‘बाई, शेतात हुरडा लागलाय,’ त्या म्हणाल्या. ‘शोभा म्हणती, हंगाम संपला. हुरडा हाय आन् हंगाम कसा संपला? माणसं कुठं गेली गं?’

मी म्हणाले, ‘येतील, आत्या.’

म्हणून हे लिहिलं. माझे वाचक एका वर्गात मावतील एवढे आहेत आणि नकाशाचे किती असतील त्याची मोजदाद नाही, हे मला कळतं. मला शोभाचा अजूनही हेवा वाटतो. देगलूरच्या त्या मुलीचाही वाटला, आणि त्यापायी मी तिच्याशी जे वागले ते मला झोपेत आठवतं. तिच्या वडिलांचा नंबर मी घेतला नव्हता.

तुमचं लेकरू लातूरला असेल आणि फोनवर फक्त ‘हो’ आणि ‘बरं’ म्हणत असेल, तर त्याला घेऊन जा. हुरडा अजून पंधरा-वीस दिवस आहे. लामजन्याच्या पाटीवरून खडकउमरीचा रस्ता धरला की दोन किलोमीटरवर ॲप तुम्हाला उजवीकडे, डांबरी रस्त्याने वळायला सांगेल. वळू नका. सरळ मातीची गाडीवाट आहे, छोट्या गाडीला चालते, पावसाळ्यात नाही. वेड्या बाभळी संपल्या की मोठा लिंब दिसेल. नऊ ते बाराच्या मध्येच जा. लिंबापुढच्या चौथ्या जोत्यावर एक म्हातारी बाई बसलेली असेल. त्यांना भेटायला आलोय असं म्हणू नका. खाली उतरा, इकडेतिकडे बघा, आणि शोभाचं घर कुठे आहे ते विचारा. माझं नाव काढू नका. त्या म्हणतील, वाट चुकलाव, बसा. लेकराला पुढे बसू द्या आणि तुम्ही जरा मागे थांबा.

आणि त्या काय म्हणाल्या ते घरी गेल्यावर मला कळवा. मला त्यांनी अजून सांगितलेलं नाही.